ऐकण्याची वर्गणी

वर्गणी हा शब्द आपल्या घरांना काही नवा नाही. गणपतीची वर्गणी, सप्ताहाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, साप्ताहिकाची वर्गणी. पावतीपुस्तक घेऊन मंडळी दारात उभी राहिली, की आपण डब्यातले पैसे काढून देतो आणि पावती देवघराच्या फळीवर खोचून ठेवतो. पण ‘रेडिओ ऐकायची वर्गणी’ म्हटलं, की अजूनही आपल्या भुवया वर जातात. आमच्या सासूबाईंच्या तर गेल्याच. ‘‘ऐकायला गं कसले पैसे? उद्या वाऱ्यालाही पैसे मोजशील!’’

हा विषय आमच्या घरात निघायला कारण होतं. सासूबाईंचं वय आता शहात्तर. काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू नेली. मोतीबिंदूसारखं हे शस्त्रक्रियेनं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. जन्मभर शेतात राबलेली बाई आता ओट्यावर बसून असते. दिवस कसाबसा जातो. येता-जाता कुणी ना कुणी टेकतं, कांद्याच्या भावावर बोलणं होतं, लेकीसुनांच्या चौकश्या होतात. खरी पंचाईत रात्रीची. म्हाताऱ्या माणसाची झोप ती केवढी! दीड-दोनला जाग येते ती येतेच. ‘‘पोरी, किती वाजले गं?’’ अशी हाक आली, की जाऊन जवळ बसावंसं वाटतं; पण सकाळी माझी शाळा असते, ह्यांना पहाटे पाण्याची पाळी असते. तेव्हा रात्री त्यांना सोबत होईल असं काहीतरी ऐकायला हवं होतं.

आमच्या धाकट्यानं मोबाइलवर दरमहा पैसे भरायची एक योजना शोधून काढली. हवी ती गाणी, हवी तेव्हा, जाहिरातींशिवाय. मी राळेगणसिद्धीला शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. पगार बेताचाच, पण तो माझा स्वतःचा. त्यातून ही रक्कम द्यायची माझी तयारी होती. पण सासूबाई अडून बसल्या आणि हेही त्यांच्याच बाजूला गेले. ‘‘आकाशवाणी फुकट असताना हे कशाला?’’

त्या रविवारी ट्रंक आवरताना मामंजींच्या कागदपत्रांत एक मळकं, जुनं पुस्तक सापडलं. रेडिओचा परवाना! माझ्या पिढीनं हा प्रकार पाहिलेला नाही. पूर्वी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि दरवर्षी पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. मी ते पुस्तक सासूबाईंच्या हातात दिलं. बोटं फिरवून त्यांनी ते ओळखलं आणि हसल्या. ‘‘भाऊजी मिलिटरीत होते ना, त्यांनी आणला होता ट्रान्झिस्टर. हे दरसाल पोस्टात जाऊन यायचे. सगळी आळी आमच्याच ओट्यावर यायची ऐकायला.’’

‘‘म्हणजे ऐकण्याची वर्गणी तुम्हीही भरत होता की, आई!’’ मी म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण वाद तिथे संपलाही नाही.

मला मात्र त्या निमित्तानं पुण्यातले दिवस आठवले. २००६ साली मी बी.ए.साठी मामांकडे राहायला गेले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांच्या गॅलरीत तळहाताएवढी एक चौकोनी चकती आग्नेयेकडे तोंड करून ठेवलेली असे आणि तिची वायर आतल्या रेडिओला जोडलेली असे. मी त्यांच्याकडे निरोप घेऊन जाई आणि तासभर बसून राही. ना खरखर, ना मध्येच येणारं दुसरं स्टेशन, ना साबणाच्या जाहिराती. एका वाहिनीवर चोवीस तास फक्त हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत! तिचं नाव ‘गंधर्व’. हा होता वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ. वर्गणी भरून ऐकायचा रेडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

ही कंपनी १९९० मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. संस्थापक नोआ समारा हे जन्मानं इथिओपियाचे. ज्या आफ्रिका-आशियातल्या मुलखात साध्या रेडिओच्या लहरी नीट पोहोचत नाहीत, तिथे थेट आकाशातून माहिती आणि करमणूक पोहोचवायची, अशी त्यांची मूळ कल्पना. त्यासाठी दोन उपग्रह सोडले गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ आणि मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’. आपल्याकडचं कामकाज बंगलोरहून चाले. जुन्या हिंदी गाण्यांसाठी ‘फरिश्ता’, नव्यांसाठी ‘झंकार’, कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’, कानडीसाठी ‘स्पर्श’ अशा वाहिन्या होत्या. ए. आर. रेहमान यांच्यासारखा संगीतकार त्याची ओळख सांगायला पुढे आला होता.

आता हे सगळं चालतं कसं, ते सांगते. वर्गात मी हे मुलांना खेळातून दाखवते. एका मुलीला मध्ये उभं करायचं, ती पृथ्वी. तिनं जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यायची. दुसऱ्या मुलीनं हातात बॅटरी घेऊन तिच्याभोवती चालायचं, पण असं, की पहिलीच्या नाकासमोरून ती कधीच हलता कामा नये. दोघींचा वेग जुळला, की मधल्या मुलीला बॅटरी एकाच जागी स्थिर दिसते. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर त्याचं असंच होतं. पृथ्वीची एक फेरी आणि त्याची एक फेरी बरोबर जुळते, आणि खालून पाहणाऱ्याला तो आकाशात खिळ्यानं ठोकल्यासारखा वाटतो. एशियास्टारची जागा १०५ अंश पूर्व रेखांशावर होती, म्हणजे नकाशात सिंगापूरच्या थोडं पूर्वेला. आपल्या भागातून पाहिलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण निम्म्या उंचीवर. म्हणूनच पुण्यातली ती चकती तशी ठेवलेली असे.

जमिनीवरच्या केंद्रातून गाणी आकड्यांच्या रूपात वर पाठवली जातात, उपग्रह ती घेतो आणि अर्ध्या खंडावर खाली सोडतो. येण्याजाण्याला पाव सेकंद लागतो. एफ.एम.चा मनोरा साधारण एका शहराला आणि आसपासच्या गावांना पुरतो. उपग्रहाला मात्र पारनेर काय आणि पाटणा काय, दोन्ही सारखेच.

मग वर्गणी न भरणाऱ्याला ते ऐकू का येत नाही? इथेच सगळी मेख आहे. लहरी तर सगळ्यांच्याच छपरावर पडतात. पण वर पाठवण्यापूर्वी ते आकडे सांकेतिक करून टाकलेले असतात. प्रत्येक संचाला आपला क्रमांक असतो. तुम्ही पैसे भरलेत, की त्या क्रमांकासाठी एक किल्ली आकाशातूनच येते आणि संच उघडतो. पैसे थांबले, की कुलूप बंद.

आता गंमत बघा. जी गोष्ट फुकट मिळते, तिच्यासाठी पैसे द्यायला माणसं तयार कशी होतात? अमेरिकेत हे जमलं. तिथे एक्सएम ही सेवा २००१ मध्ये आणि सिरियस २००२ मध्ये सुरू झाली, आणि २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या. आज त्यांचे वर्गणीदार तीन कोटींच्या वर आहेत. त्यांनी पहिली गोष्ट ओळखली ती ही, की माणसाचे कान रिकामे कुठे असतात? मोटारीत. तिथे माणसं तासन् तास एकटी गाडी चालवतात, आणि शहर मागे पडलं की एफ.एम. विरत जातं. तेव्हा नव्या मोटारीतच हा रेडिओ बसवून द्यायचा आणि पहिले काही महिने फुकट ऐकू द्यायचं. एकदा कानाला सवय लागली, की शांतता सोसवत नाही. दुसरी गोष्ट, इतर कुठे मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं. हॉवर्ड स्टर्न नावाचा तिथला गाजलेला निवेदक फुकटच्या रेडिओवरून उचलून २००६ पासून सिरियसनं आपल्याकडे आणला, आणि त्याच्यामागून त्याचे श्रोतेही आले. तिसरी गोष्ट म्हणजे जाहिरातींच्या जाचातून सुटका, निदान गाण्यांच्या वाहिन्यांवर.

आणि चौथी गोष्ट कुणी सांगत नाही, ती आपण गृहिणींनी लक्षात ठेवावी. अशा धंद्यात आत येण्याचं दार मोठं असतं आणि बाहेर पडण्याचं लहान. २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सरकारनं ह्याच सिरियस एक्सएमवर खटला भरला. वर्गणी बंद करू पाहणाऱ्या ग्राहकांना फोनवर विनाकारण ताटकळत ठेवतात, अशी तक्रार होती.

मग हेच आपल्याकडे का टिकलं नाही? वर्ल्डस्पेसचे बहुतेक वर्गणीदार भारतातच होते. पण जगातले सगळे मिळूनही ते पावणेदोन लाखांच्या आसपासच राहिले. उपग्रहाचा खर्च एवढ्यांच्या वर्गणीत कसा निघणार? चकतीला आकाश दिसलंच पाहिजे, म्हणजे खिडकी बरोबर त्या दिशेला हवी. समोर इमारत आली की कारभार आटोपला. स्वयंपाकघरातून माजघरात रेडिओ नेला की आवाज गेला. अमेरिकेत उंच इमारतींच्या आडोशाला जमिनीवरही मनोरे उभारून लहरी पुढे देतात. आपल्याकडे त्यासाठी लागणारं सरकारी धोरण ठरलंच नाही, त्यामुळे मोटारीत हा रेडिओ कधी रुळला नाही. आणि नेमकं २००६च्या सुमाराला गावोगावी खासगी एफ.एम. केंद्रं निघाली. तीही फुकट, आणि मोबाइलवरसुद्धा ऐकू येणारी! ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं, आणि ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद झाली. उपग्रह आकाशात तिथेच होता, लोकांच्या गॅलरीत चकत्या तशाच होत्या. पण सूर थांबले.

हे सगळं मी एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता सासूबाईंना सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मग त्याला वर्गणी कशाला म्हणता? सप्ताहाला वर्गणी दिली नाही, म्हणून मांडवातून कुणाला उठवतात का? ज्यानं दिली तोही ऐकतो, नाही दिली तोही ऐकतो. वर्गणीतून घेतलेली पातेली देवळात राहतात, पुढच्या साली उपयोगी पडतात. ह्यात काय राहिलं?’’

मला उत्तर सुचायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं आमच्या गावाला धरूनच होतं. १९७५ नंतर अण्णा हजाऱ्यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या दुरुस्तीपासून कामाला हात घातला आणि पुढे नालाबांध, पाझर तलाव गावाच्या श्रमदानातून झाले. ज्याच्या शेताला त्या बांधाचा थेट फायदा नव्हता, तोही घमेली वाहायला आला. पाणी मुरलं ते सगळ्यांच्याच विहिरींना. सासूबाईंनी स्वतः ती घमेली वाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीनं वर्गणी म्हणजे हे. जी दिल्यावर कुणासाठी तरी दार उघडतं, ती वर्गणी. जी दिली नाही तर दार बंद होतं, ते भाडं!

तरीसुद्धा माझं मन दुसरी बाजू सोडायला तयार नव्हतं. मी म्हटलं, ‘‘आई, फुकटचा रेडिओसुद्धा फुकट नसतो. आकाशवाणीला सरकार पैसे देतं, म्हणजे आपणच देतो. खासगी रेडिओला साबणवाले आणि दागिनेवाले देतात. जो पैसे देतो, त्याच्या मनासारखं वाजतं. जाहिरातवाल्याला जास्तीत जास्त कान हवेत, म्हणून तीच वीस गाणी दिवसभर फिरत राहतात. चोवीस तास शास्त्रीय संगीत लावायला कुठला साबणवाला पैसे देईल? पुण्याच्या त्या बाईंना जे मिळत होतं, ते ऐकणाऱ्यांनी स्वतः पैसे दिले म्हणूनच मिळत होतं. तुम्हाला उद्या निळोबारायांचे अभंग रात्री दोनला हवेत, तर ते कोण लावणार?’’

पिंपळनेर आमच्या गावाशेजारीच. निळोबारायांचं नाव निघालं, की सासूबाईंचा स्वर मऊ होतो. ‘‘हं, ते खरं,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

म्हणून मग आम्ही ती मोबाइलची योजना महिनाभर फुकट वापरून पाहिली. आणि निकाल लागला तो पैशांवर नाहीच लागला! त्या फोनला बटण कुठे आहे? सगळी गुळगुळीत काच. डोळसानं बघून बोट ठेवायचं, तेव्हा गाणं लागणार. सासूबाईंचं बोट भलतीकडेच पडे, आणि मध्यरात्री कुठल्या तरी चित्रपटातलं धांगडधिंग्याचं गाणं मोठ्यानं सुरू होई. मग लावायला आणि बंद करायला मलाच उठावं लागे. जगातली दहा लाख गाणी त्यात असतील, पण आंधळ्या माणसाच्या हाताला सापडेल अशी एक खुंटी त्यात नव्हती. अशी सोय बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या सासूबाई कशाला येतील?

शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे दिवसाची सोय. आमच्या छपरावर दूरदर्शनच्या फुकट डीटीएच सेवेची छत्री आहेच. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यावर दूरदर्शनबरोबर आकाशवाणीच्या कितीतरी वाहिन्या येतात, हे बऱ्याच घरांना ठाऊकच नसतं. हाही उपग्रह रेडिओच की! दरमहा काही नाही, कुलूपकिल्ली नाही. टी.व्ही.च्या पडद्यावर टॉवेल टाकायचा आणि ऐकत बसायचं.

दुसरी म्हणजे रात्रीची सोय. आधीच गाणी भरून ठेवलेले संच हल्ली मिळतात. २०१७ मध्ये सारेगामानं ‘कारवाँ’ नावाचा जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच काढला. पाच हजार हिंदी गाणी आत, एकदाच पैसे द्यायचे, पुढे वर्गणी नाही. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना तो फार आवडला. त्याचं मर्म मला आता कळतं. गोल खुंटी फिरवली की गाणं! आम्ही त्याच जातीचा, पण साधा आणि स्वस्त संच नगरहून आणला, माझ्या पगारातून. पुढे काही भरायचं नाही म्हटल्यावर सासूबाईंनीही हरकत घेतली नाही. धाकट्यानं त्यात अभंग, हरिपाठ भरले, आणि स्वतःच्या कल्पनेनं देवळातला काकडाही फोनवर टिपून घातला. सासूबाईंना सगळ्यांत आवडला तो हाच. ‘‘हा टाळ चुकवतोय तो आपला धाकला चुलता,’’ असं त्या रात्री एकट्याच म्हणतात आणि खुदकन हसतात. मी आता रात्रीची उठत नाही.

मैत्रिणींनो, ह्या सगळ्यातून माझ्या हिशेबाच्या वहीत चार ओळी उतरल्या आहेत, त्या तुमच्यासाठी देते. दरमहा पैसे घेणारी कुठलीही ऐकण्या-पाहण्याची सोय दारात आली, की आधी विचारा, कान कुणाचे आहेत आणि हात कुणाचे? ज्याला ऐकायचं आहे, त्याला ती स्वतःहून लावता आली पाहिजे. दुसरं, फुकटचे पहिले दिवस संपण्याची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि बंद कसं करायचं ते सुरू करण्याआधीच विचारून घ्या. तिसरं, वर्षभराचे पैसे एकदम भरले तर सवलत मिळते खरी, पण देणारा वर्षभर टिकेल ना, ह्याचाही विचार करा. चौथं, जे फुकट छपरावर पडतंय, ते आपण पुरतं वापरतोय का, ते बघा.

आणि तरीही, एखाद्या घरी कुणाला शास्त्रीय संगीताचं वेड असेल, परदेशातल्या भाषेचा अभ्यास असेल, तर त्या ऐकण्यासाठी पैसे मोजण्यात कमीपणा नाही. पुण्याच्या त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलेलं आहे. आपण भाजीला, दुधाला मोजतो, तसं कानालाही मोजावं. फक्त सासूबाईंचा तो शब्द मी मनाशी धरून असते. वर्गणी कुठली आणि भाडं कुठलं, एवढं कळलं म्हणजे पुरे.

यंदा सप्ताहाचं पावतीपुस्तक घेऊन मंडळी आली, तेव्हा सासूबाईंनी आपल्या कनवटीचे शंभर रुपये जादा काढून दिले. पावती फाडणाऱ्या मुलानं कौतुकानं विचारलं, ‘‘आजी, काही खास?’’

‘‘खास काही नाही रे,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘तेवढं भोंग्याचं तोंड जरा आमच्या आळीकडं करा.’’